गाणे अडते कोठे?

आजचे युग वेगाचे आहे, असे आपण नेहमी ऐकतो. बैलगाडी मागे पडली, मोटार आली. पत्राची जागा फोनने घेतली. जे जलद ते चांगले, हे आपण इतके धरून चालतो की, त्याबद्दल कोणी शंका घेतली तर नवल वाटते. पण प्रत्येक कामाला वेग हवाच असतो का? आणि हवा असला तर किती? या प्रश्नाचा विचार करण्याची पाळी माझ्यावर आली ती गाण्यांमुळे. खरे म्हणजे गाण्यांमुळेही नाही. आमच्या घरी गाणी मध्येच थांबत होती, त्यामुळे आली.

आम्ही मालेगावचे. नाशिक जिल्ह्यातले हे शहर यंत्रमागांसाठी प्रसिद्ध आहे. आमच्या मोहल्ल्यात रात्री दोन वाजतासुद्धा मागांची खटखट चालू असते. बाहेरगावचा पाहुणा आला तर या आवाजामुळे त्याला झोप येत नाही. आणि आम्ही बाहेरगावी गेलो तर शांततेमुळे आम्हांला झोप येत नाही. मी स्वतः सुताच्या एका पेढीवर हिशेब लिहितो. माझ्या अब्बांनी मात्र वयाच्या पंधराव्या वर्षापासून पंचेचाळीस वर्षे माग चालवला. आता त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे. त्यांना ना पानाचा शौक, ना चहाचा. शौक एकच, जुन्या गाण्यांचा.

अब्बांच्या तरुणपणी घरोघरी रेडिओ नव्हते. बुधवारी संध्याकाळी पाळी नसली की ते नाक्यावरच्या हॉटेलात जाऊन बसत. रेडिओ सिलोनवर 1952 साली ‘बिनाका गीतमाला’ हा कार्यक्रम सुरू झाला होता. अमीन सायानी यांचा आवाज ऐकण्यासाठी रस्त्यावरची माणसेही थांबत. तलत महमूद, मोहम्मद रफी, बेगम अख्तर ही नावे अब्बा आजही घरातल्या वडीलधाऱ्या माणसांच्या नावांसारखी अदबीने घेतात.

आता रेडिओचे काम मोबाइल करतो. माझ्या मुलाने आपला जुना मोबाइल दादांना दिला आणि एक लहानसा ब्लूटूथ स्पीकर त्यांच्या खाटेजवळ ठेवला. हवे ते गाणे नाव सांगताच वाजू लागते. घरात वायफाय आहे. अब्बांना हे सारे फार आवडले. इशाच्या नमाजनंतर तासभर गाणी ऐकायची, असा त्यांचा नेम झाला.

पण काही दिवसांनी गाणी अडखळू लागली. अंतरा सुरू व्हावा आणि आवाज बंद पडावा. पाच-दहा सेकंद शांतता, मग पुन्हा गाणे सुरू. आम्हांला याचे फारसे काही वाटले नसते. पण अब्बांचे तसे नव्हते. गाणे थांबले की ते स्पीकरकडे पाहत नसत. ते आपल्या कानाला हात लावत. एकदा ते मला म्हणाले, “बेटा, कान आता मधूनच बंद पडायला लागले.”

हे ऐकून माझ्या काळजात चर्र झाले. अब्बांना कमी ऐकू येते, हे घरात सर्वांना माहीत होते. मागाजवळ जन्म घालवलेल्या माणसांना उतारवयात कमी ऐकू येणे ही आमच्याकडे नवलाची गोष्ट नाही. परंतु ज्याला कमी ऐकू येते, त्याची एक अडचण आपल्या लक्षात येत नाही. शांतता पसरली की ती बाहेरची आहे की आपल्या आतली, हे त्याला कळत नाही. थांबत होते गाणे, आणि अब्बांना वाटत होते की आपलेच काहीतरी थांबत चालले आहे. गाणे अडता कामा नये, असे मी त्याच दिवशी ठरवले.

मी बाजारात गेलो. दुकानदार भला माणूस. त्याने माझे बोलणे ऐकून घेतले आणि एक चकचकीत खोका पुढे केला. तो म्हणाला, “चाचा, तुमचा राउटर जुना झाला. हा वायफाय सात आहे. याचा वेग पाहा. गाणी लोण्यासारखी वाजतील.” किंमत बारा हजार रुपये. माझ्यासारख्या कारकुनाला ही रक्कम थोडी नाही. मी म्हणालो, “दोन दिवसांनी सांगतो.” घरी येऊन मी वही काढली. हिशेब मांडल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, ही पेढीवरची सवय.

पहिला प्रश्न असा, की एका गाण्याला किती वेग लागतो? मोबाइलमधून येणारे गाणे हे शून्य आणि एक या दोन अंकांत लिहिलेले असते. या प्रत्येक अंकाला बिट म्हणतात. गाणी पुरवणाऱ्या सेवा साधारणपणे चांगल्या प्रतीचे गाणे सेकंदाला 320 हजार बिट या दराने पाठवतात. सीडीवर गाणे जसेच्या तसे, काहीही न गाळता लिहिलेले असते. ही तबकडी 1982 साली बाजारात आली. तिच्यात आवाजाचे सेकंदाला 44,100 नमुने घेतात, प्रत्येक नमुना 16 बिटांत लिहितात, आणि डावा व उजवा असे दोन आवाज असतात. तिन्हींचा गुणाकार केला की सेकंदाला सुमारे 14 लाख बिट होतात. हल्ली याहूनही बारीक नमुन्यांची गाणी मिळतात. त्यांतली सर्वांत मोठी मला आढळली ती, काहीही दाबून न बसवता, सेकंदाला सुमारे 92 लाख बिट मागतात.

आता घरात येते किती? सेकंदाला दहा लाख बिट म्हणजे एक एमबीपीएस. आमच्या घरची जोडणी 40 एमबीपीएसची, म्हणजे सेकंदाला चार कोटी बिटांची. चार कोटींना 320 हजारांनी भागा. उत्तर येते 125. म्हणजे कागदावर पाहिले तर आमच्या घरात एकाच वेळी सव्वाशे गाणी वाजू शकतात. अब्बांना एकच हवे होते, आणि तेच अडत होते!

मग वायफायचा वेग पाहिला. आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने 1997 साली बिनतारी जोडणीचे पहिले मानक काढले. मानक म्हणजे सर्व कारखानदारांनी पाळायचा एकच नियम. त्या पहिल्या मानकाचा वेग होता 2 एमबीपीएस. 1999 साली 11 झाला, 2003 साली 54 झाला, 2009 साली 600 पर्यंत गेला. पुढे हजारांची भाषा सुरू झाली. लोकांना अवघड आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून 2018 साली वायफाय चार, पाच, सहा अशी सोपी नावे ठरली. जानेवारी 2024 मध्ये वायफाय सातची प्रमाणपत्रे देणे सुरू झाले. त्याचा कागदावरचा वेग 40 हजार एमबीपीएसच्याही पुढे जातो. हे आकडे वाचून छाती दडपते. पण प्रत्यक्षात कागदावरचा निम्मा वेग मिळाला तरी 1999 सालचे मानकसुद्धा अब्बांच्या एका गाण्याला पुरेसे होते.

शिवाय घरात येणारे पाणी जर अर्ध्या इंचाच्या नळातून येत असेल, तर आत चार इंचांचा नळ बसवून काय होणार? बाहेरून 40 एमबीपीएस येत असताना घरातल्या राउटरने हजारांच्या गोष्टी करण्यात अर्थ नव्हता. आणखी एक गोष्ट मला मुलाने सांगितली. वायफायचे नवे मानक दोन्ही बाजूंना समजावे लागते. अब्बांचा मोबाइल जुना, त्याला वायफाय चारपर्यंतचीच भाषा येते. नवा राउटर त्याच्याशी जुन्याच भाषेत बोलणार. ज्याला फक्त मराठी येते त्याच्यापुढे फारसीचा पंडित आणून बसवला, तरी संभाषण मराठीतच होणार!

येथे कोणी विचारील, वेग वाढला तर गाण्याचा आवाज तरी अधिक गोड होईल की नाही? हा प्रश्न अब्बांनीच केला. त्यांच्या काळच्या अनुभवाप्रमाणे तो रास्तही होता. रेडिओच्या काळात आवाजाचा चढउतार लहरीवरच चढवलेला असे. लघुलहरींचे कार्यक्रम आकाशातल्या उंच थरांवर आपटून परत येत. वाटेत जे काही मिसळे, ते गाण्यात मिसळे. वीज कडाडली की रेडिओ खरखरे. उंच तार बांधली की आवाज स्वच्छ होई. वाट चांगली तर आवाज चांगला, हा तेव्हाचा नियम होता.

आता तसे राहिले नाही. आता आवाज येत नाही, अंक येतात. गाण्याचे लहान लहान पुडके करून ते पाठवतात. एखादे पुडके वाटेत हरवले किंवा बिघडले, तर मोबाइल ते परत मागवून घेतो. सर्व पुडकी नीट आली की मगच त्यांतून गाणे उभे राहते. पत्र सायकलवरून आले काय आणि विमानाने आले काय, त्यातला मजकूर बदलत नाही. तसेच हे आहे. म्हणून वायफायच्या वेगाने तलत महमूद यांच्या आवाजातली थरथर अधिक मुलायम होत नाही. गाणे येते तर पूर्ण येते, नाहीतर थांबते. फार तर, वाट फारच खराब असली की काही सेवा आपोआप कमी प्रतीचे गाणे पाठवू लागतात. पण चांगली प्रत येण्यापुरती वाट मिळाली की त्यापुढच्या वेगाने काही भर पडत नाही. आणि जी गाणी 1950 च्या दशकात 78 फेऱ्यांच्या तबकड्यांवर निघाली, त्यांत त्या काळच्या यंत्रांनी जे टिपलेच नाही, ते आजचा वेग कोठून आणणार?

मग गाणे अडत का होते? याचे उत्तर मला आमच्या गच्चीवरच्या टाकीने दिले. आमच्याकडे नळाला पाणी एक दिवसाआड येते. तरीही स्वयंपाकघरात तोटी फिरवली की रोज पाणी येते, कारण मध्ये टाकी आहे. मोबाइलही असेच करतो. गाण्याचा पुढचा भाग तो आधीच मागवून आपल्या टाकीत भरून ठेवतो. चार मिनिटांच्या गाण्याचे सुमारे सात कोटी सत्तर लाख बिट होतात. आमच्या जोडणीने ते दोन सेकंदांत यायला हवेत. म्हणजे दोन सेकंद नळ चालला की चार मिनिटांची सोय झाली. असे असताना गाणे थांबते, याचा अर्थ नळ बारीक नसून तो अनेकदा आणि बराच वेळ पूर्ण बंद पडत असला पाहिजे. टाकी रिकामी होईपर्यंत बंद पडत असला पाहिजे. अडचण वेगाची नव्हती, खंडाची होती.

आता शोध घ्यायचा होता तो नळ कोठे बंद पडतो याचा. हे काम माझ्या धाकट्या मुलीने अंगावर घेतले. ती आठवीत शिकते. तिने वहीत एक तक्ता आखला. रोज रात्री नऊ वाजता, अब्बांच्याच खोलीत, अर्धा तास गाणी लावायची आणि ती किती वेळा थांबली ते लिहायचे. दर तीन दिवसांनी राउटरची जागा बदलायची. दुसरे काहीही बदलायचे नाही. “एका वेळी एकच गोष्ट बदलायची, अब्बू,” तिने मला बजावले, “नाहीतर कशाचा गुण आला ते कळत नाही.” हे तिने विज्ञानाच्या तासाला ऐकले होते.

आमचा राउटर दाराजवळच्या खोलीत, लोखंडी कपाटाच्या मागे होता. जोडणी करणाऱ्या माणसाला तेथून तार घेणे सोपे पडले, म्हणून त्याने तो तेथेच ठोकला होता. अब्बांची खोली मागे, दोन भिंतींपलीकडे. बिनतारी लहरींना भिंतीचे वावडे नाही. जगदीशचंद्र बोस यांनी 1894-95 च्या सुमारास कोलकात्यात भिंतींपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजवून दाखवली होती. परंतु प्रत्येक भिंत आपला थोडा कर घेतेच. विटांची भिंत थोडा घेते, सळयांचे काँक्रीट जास्त घेते, आणि लोखंडी पत्रा तर लहरींना आल्या वाटेने परत पाठवतो.

तक्त्यात पहिल्या तीन रात्री मिळून अकरा वेळा गाणे थांबल्याची नोंद झाली. मग आम्ही पंधरा हात तार आणि एक लाकडी फळी आणली आणि राउटर घराच्या मधल्या बोळात, उघड्यावर, डोक्याइतक्या उंचीवर ठेवला. पुढच्या तीन रात्रींत गाणे दोनदा थांबले. राहिलेल्या दोन वेळांचे कारण मुलाने शोधले. आमच्या मोहल्ल्यात घराला घर लागून आहे. त्याने मोबाइलवर पाहिले, तर आसपासच्या घरांची नऊ जाळी दिसली. त्यांतली बहुतेक एकाच वाहिनीवर गर्दी करून होती. जुने वायफाय ज्या पट्ट्यात चालते, त्यात एकमेकींना धक्का न लावणाऱ्या वाहिन्या तीनच आहेत: पहिली, सहावी आणि अकरावी. सगळे सहाव्या वाहिनीवर होते आणि आम्हीही. रात्री नऊला प्रत्येक घरात चित्रपट लागतो. मग बोलायची संधी मिळेपर्यंत आमचा राउटर ताटकळत राही. मुलाने त्याला पहिल्या वाहिनीवर नेले. त्यानंतरच्या तीन रात्रींपुढे मुलीने मोठे शून्य काढले. खर्च एकूण दोनशे चाळीस रुपये झाला.

नवी मानके व्यर्थ आहेत, असा याचा अर्थ कोणी काढू नये. ज्या घरात दहा माणसे दहा मोठे चित्रपट एकाच वेळी पाहतात, तेथे वेग लागतोच. पाचव्या मानकापासून पुढचा जोर ज्या वरच्या पट्ट्यांवर आहे, तेथे गर्दीही कमी असते. मात्र त्या लहरी भिंतीत लवकर थकतात, हे विसरू नये. वायफाय सहाने तर एक फार शहाणपणाची गोष्ट केली. पेढीवर पूर्वी एका गिऱ्हाइकाच्या एका गठ्ठ्यासाठीही अख्खा टेम्पो जाई. आता एकाच फेरीत पाच गिऱ्हाइकांचे गठ्ठे जातात. वायफाय सहाचा राउटरही एकाच पाळीत अनेक उपकरणांचा माल वाहतो. यामुळे गर्दीच्या घरात गाणे कमी अडेल, हे खरे. पण गाण्याचा तो फायदा शिस्तीमुळे होतो, वेगामुळे नव्हे. खोक्यावर मात्र शिस्त छापत नाहीत, वेग छापतात.

गाणे अडायचे थांबले, तरी माझ्या मुलीची वही बंद झाली नव्हती. गाणे निघते तेथून पोहोचते तेथपर्यंतची सारी ठाणी तिने एका ओळीत लिहिली होती: गाण्याची सेवा, बाहेरची तार, राउटर, हवा, मोबाइल, ब्लूटूथ, स्पीकर. प्रत्येक ठाण्यासमोर तिने लिहिले की येथून किती जाऊ शकते. तिने ब्लूटूथसमोर लिहिलेला आकडा पाहून मी चकित झालो. मोबाइलपासून स्पीकरपर्यंतच्या पाच हात अंतरात गाण्याची पुन्हा एकदा घडी घातली जाते, आणि त्याच्या साध्या पद्धतीत सेकंदाला साडेतीन लाख बिटांच्या आतच माल जातो. म्हणजे घरात कितीही मोठे गाणे आणले, तरी शेवटी ते या लहान दारातून वाकूनच जाणार होते!

ओळीच्या शेवटी तिने आणखी एक ठाणे लिहिले होते: ‘दादांचे कान’. त्याच्यासमोरची जागा कोरी होती. तिने मला विचारले, “अब्बू, येथे किती लिहू?”

मला उत्तर देता आले नाही. गाणे आता अखंड वाजत होते, तरी अब्बा अधूनमधून म्हणत, “हा गाणारा शब्द चावतो.” आणि ही गझल त्यांना पन्नास वर्षांपासून पाठ होती! गाणारा तोच, गझल तीच. मग शब्द कोण चावत होते?

आम्ही मुंबईला गेलो. माझी आपा कुर्ल्याला राहते. वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे. हे अली यावर जंग महाराष्ट्राचे राज्यपाल होते. 1983 साली स्थापन झालेल्या या संस्थेत वाचा आणि श्रवण यांसंबंधीचे काम चालते. तेथे अब्बांना एका बंद, शांत खोलीत बसवून त्यांच्या कानांची तपासणी झाली. वेगवेगळ्या उंचीचे स्वर ऐकवले, ऐकू आला की बटण दाबायचे. मग त्यांचा आलेख निघाला. खालच्या स्वरांपाशी रेघ बरी होती. वरच्या स्वरांकडे जाताच ती खड्ड्यात पडावी तशी खाली गेली होती. 4,000 कंपनांच्या आसपास तर अब्बांना फारच कमी ऐकू येत होते.

तेथल्या बाईंनी आम्हांला नीट समजावले. 85 डेसिबलहून जास्त आवाजात रोज आठ तास काम केले, तर वर्षानुवर्षांनी कानाला इजा होते. माग चालू असलेल्या कारखान्यात आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जातो. कानाच्या आत अतिशय सूक्ष्म केसांसारख्या पेशी असतात. सततच्या आवाजाने त्या मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. सर्वांत आधी वरच्या स्वरांच्या पेशी जातात. स, श, फ यांसारख्या अक्षरांची ओळख याच वरच्या स्वरांत असते. त्यामुळे आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाही. ‘शाम’ म्हटले की ‘जाम’, हे अशा कानाला कळायचे कसे? काफियाच हरवला तर गझलेत उरले काय?

मुलीच्या वहीतली कोरी जागा भरली. निरोगी तरुण कानाला सुमारे 20 ते 20,000 कंपनांपर्यंतचे स्वर ऐकू येतात. सीडीचे नमुने 44,100 ठेवले, ते याच कानाच्या मापाने. 20,000 च्या दुपटीहून थोडे अधिक. अब्बांच्या कानांची सीमा त्याच्या कितीतरी खाली होती. गाण्याच्या साऱ्या वाटेवर सर्वांत अरुंद जागा हीच होती. राउटरच्या दुकानात जाणारे बारा हजार रुपये तसेच होते. त्यांत आणखी थोडे घालून आम्ही अब्बांसाठी श्रवणयंत्र घेतले.

श्रवणयंत्र म्हणजे जादू नव्हे. मेलेल्या पेशी ते जिवंत करीत नाही. जे स्वर कमी ऐकू येतात, तेवढे ते उचलून मोठे करते. सुरुवातीचे काही आठवडे अब्बा वैतागले. फोडणीचा चुरचुर आवाज, वर्तमानपत्राची घडी, वहाणांची करकर हे सारे अंगावर येऊ लागले. ही यंत्रे मुख्यतः बोलणे ऐकण्यासाठी बनवलेली असतात. गाणे त्यांतून कधी कर्कश वाटते. दोनदा वांद्र्याला जाऊन ते जुळवून घ्यावे लागले. हळूहळू सवय झाली. एका रात्री अब्बा एकदम उठून बसले आणि त्यांनी मला हाक मारली. स्पीकरकडे बोट दाखवून त्यांनी विचारले, “या गाण्यात घुंगरू आधीपासून होते?”

मी म्हणालो, “होते, अब्बा.”

“हॉटेलात ऐकायचो तेव्हा होते,” ते स्वतःशीच म्हणाले. “मला वाटले, नंतर काढून टाकले असतील.”

आमच्याकडे वीज जाते तेव्हा वायफायही जाते आणि टाकीतले गाणे संपले की शांतता होते. अलीकडे अशा वेळी अब्बांचा हात कानाकडे जात नाही. ते नातीला हाक मारून सांगतात, “बेटी, बघ, तुझ्या फळीवरचा दिवा विझला वाटते.” ही शांतता बाहेरची आहे, हे आता त्यांना कळते.

तुमच्याही घरी केव्हातरी असा चकचकीत खोका येण्याची वेळ येईल. वेग वाईट नाही. तो कोठे कमी पडतो हे माहीत असावे एवढेच. खोका उघडण्याआधी एक वही घ्या, गाणे ज्या ज्या ठिकाणाहून जाते ती ठिकाणे ओळीने लिहा आणि प्रत्येकाचे माप काढा. शेवटचे ठिकाण लिहायला मात्र विसरू नका. तेथे आपल्याच घरातले कोणीतरी बसलेले असते.